जळगावला तपासलेली माती

चांदखेडे, ता. धुळे
१२ जानेवारी २०२५

कामिनी अक्का,

लांबूनच पाया पडते. फोन असताना हिला पत्राचं काय सुचलं, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणशील. अगं, घरात फोन एक, तोही बैठकीत. मी बोलायला लागले की सासूबाई स्पीकर लावायला सांगतात. वाईट मनानं नाही, त्यांना सगळ्यांची खुशाली ऐकायची असते. आमचे हे, जितेंद्र, त्यांचा फोन घेऊन कांद्याच्या पिकअपवर, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. सासूबाईंना अक्षर येत नाही आणि नणंद गेंदाला शाळा झेपलीच नाही. तेव्हा या घरात सगळ्यात गुप्त जागा म्हणजे कागद.

मला चौथा महिना लागलाय. आत्तापर्यंत माहेरीसुद्धा कळवलं नव्हतं. मागच्या खेपेला सहावा उलटायच्या आत काय झालं ते तू जाणतेस. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, होतं असं एखादीला. पण मला का, हे कोणी सांगितलं नाही. आता दिवस मोजताना सहावा महिना आला की मी पुन्हा पहिल्यापासून मोजते.

काम असं आहे. आमच्या परसात वांगी-मेथीचे वाफे आहेत. त्यांना लागून पांढरीची खाण आहे, म्हणजे जुन्या गावठाणाचा उंचवटा. गावातल्या बायका भिंती-चुली सारवायला तिथूनच पांढरी माती आणतात. आणि खाणीच्या पलीकडे रुपचंद शेठचं शेड होतं, जुन्या बॅटऱ्या फोडायचं. ते बंद होऊन आठ-नऊ वर्षं झाली. परवा अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या की बॅटरीत शिसं असतं आणि ते मातीतून जात नाही. तेव्हापासून मी ताटातली भाजी बाजूला सारते. तू जळगावात दिवसभर माती तपासतेस, तेवढी आमचीही बघ. दोन पुड्या पाठवल्यात, एक वाफ्यातली, एक खाणीतली. भाजी खायची की नाही एवढंच सांग.

तुझ्याकडे राहून बारावी केली तेव्हा तू माझ्या वह्या तपासायचीस, तशीच नीट तपास.

तुझी रोहिणी


जळगाव
३० जानेवारी २०२५

रोहिणी,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. चार महिने पोटात ठेवलंस ते ठेवलंस, बातमीपण पोटात ठेवायची? मावशीला, तुझ्या आईला, मी सांगितलंय. ती रडली, मग हसली, मग मलाच रागावली.

आता तुझी माती. आमची प्रयोगशाळा केळीवाल्यांची. जस्त, लोह, तांबं, यापलीकडे कोणी विचारत नाही. यंत्रात प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लावावा लागतो आणि शिशाचा दिवा आमच्याकडे नाही. एका कॉलेजातल्या मैत्रिणीकडून तो मागून आणला, सुपारी जपावी तसा रुमालात गुंडाळून. जेवणाच्या सुट्टीत बसून तुझं काम केलं. साहेबांना कळलं तर म्हणतील, कामिनीताई, नातेवाईकांसाठी वेगळी खिडकी उघडा.

तर ऐक. शिसं आहे. खाणीच्या मातीत किलोला दोनशे साठ मिलिग्रॅम, वाफ्यात त्याच्या निम्मं. घाबरू नकोस. मातीत किती आहे यापेक्षा त्यातलं सुटं किती होतं, हे महत्त्वाचं. तिजोरीत सोनं असलं म्हणून चोराला मिळतंच असं नाही. आपल्याकडची माती चुनखडीची, तिनं शिसं धरून ठेवलंय. एका द्रावणात माती दोन तास हलवली, की मुळांना जेवढं ओढता येईल तेवढं द्रावणात उतरतं. वाफ्यातल्या शिशाचे शंभरातले चार भाग उतरले. पांढरीत तर चुना आणखी जास्त, तिच्यातले शंभरातले तीनच. म्हणजे तुझी पांढरी वाफ्यापेक्षाही बरी. तुझी खात्री पटावी म्हणून आमच्या छापील कागदावर सहीनिशी अहवाल जोडलाय.

वांगी खा, मेथी खा, धुऊन खा. डोहाळे कसले लागलेत ते कळव. केळीचे वेफर्स आणि शेव पाठवतेय. गेंदालाही दे, नाहीतर एकटीच फस्त करशील.

तुझी अक्का


चांदखेडे
१४ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाफ्यातच उभी होते. तिथेच वाचलं आणि तिथेच बसून रडले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही झालं. मी म्हटलं, माती चांगली निघाली. त्या म्हणाल्या, "मी काय सांगत व्हती?" आणि देवापुढे साखर ठेवली. जितेंद्रांना तर इतका आनंद झाला की तुझ्या अहवालाची प्रत त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवली. शेडचं नाव निघालं की गावात सगळेच विषय बदलायचे, आता लोक मोकळे झालेत. तुझी सही फार ऐटदार आहे असं सरपंच म्हणाले.

वेफर्स गेंदानं संपवले. मला मात्र तोंडाला चव नाही. जीभ पितळी भांडं चाटल्यासारखी लागते. पोट चार-चार दिवस साफ होत नाही, मध्येच पिळवटून येतं. नर्सबाईंनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या वाढवल्यात. हे सगळं यातच होतं ना? मागच्या खेपेलाही असंच होत होतं, म्हणून विचारते. नाहीतर विचारलं नसतं.

आणखी एक सहज विचारायचं होतं. माती तव्यावर भाजली तर तिच्यातलं शिसं उडून जातं का? चुलीसाठी भाजून घ्यायची म्हणून विचारते. खाणीच्या शेडकडच्या अंगाची माती जास्त मऊ आहे, आता बाया तिकडूनच नेतात. तिचीही पुडी सोबत देतेय. घाईत भरली, जितेंद्र पिकअप सुरू करून उभे आहेत.

तुझी रोहिणी


जळगाव
२० फेब्रुवारी २०२५

रोहिणी,

हे पत्र एकटीनं वाच, आणि वाचण्याआधी तोंडात काही असेल तर थुंकून टाक.

तुझी पुडी मी सोमवारी उघडली. चुलीसाठीची माती कोणी सुपारीएवढे तुकडे करून, खरपूस भाजून ठेवत नाही. चाळणीवर ओतली तेव्हा एक तुकडा अर्धा होता. त्याच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. समोरचे दोन दात, मधे फट. ती फट मी तुझ्या दहाव्या वर्षापासून बघतेय.

बाजूची मुलगी विचारत होती, ताई, काय झालं.

रोहिणी, माझं चुकलं. साधंसुधं नाही, फार मोठं चुकलं. तू विचारलंस भाजीचं, आणि मी तपासलं ते मुळांसाठी. मुळांना आम्ल नसतं गं. माणसाच्या पोटात असतं. लिंबू पिळलं की चुना फसफसून विरघळतो, हे तिसरीतलं पोर जाणतं. ज्या चुन्यानं शिसं धरून ठेवलंय म्हणून मी शाबासकी दिली, तो चुना पोटात गेला की पहिला विरघळणार. पंधरा वर्षं केळीच्या मुळांचा विचार करून माझं डोकंही मातीतच गेलं. तिला खाणारं कोणी असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

मग मी पोटासारखी चाचणी केली. पोटातल्याइतकं आंबट द्रावण, अंगाइतकं ऊन पाणी, आणि बरोबर एक तास हलवणं. आमच्याकडे त्याचं यंत्र नाही, बाटली मी हातानं हलवली. खांदा भरून आला तरी थांबले नाही. शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग उतरले. चूक असेल म्हणून परत केलं. एकोणऐंशी आले. आणि भाजून शिसं उडत नाही, जिथल्या तिथे राहतं.

काल फोन केला होता तो यासाठीच. मी विचारलं, तू माती खातेस का, आणि तू स्पीकरवर म्हणालीस, "नाही गं अक्का, कोण खातं माती." मागून तुझ्या सासूबाई हसल्या. ते हसणं माझ्या कानातून जात नाही. तू खोटं बोलत होतीस, मला कळलं, आणि तुला माझ्यापासून लपवावंसं वाटलं याचं जास्त वाईट वाटलं.

मी रागावलेली नाही. घाबरले आहे. पोटदुखी, तोंडाची चव, रक्त कमी, हे सगळं शिशानंही होतं. आणि ते पोटातल्या बाळापर्यंत जातं.

आजपासून एक कणही नको. दूध पी, लोहाच्या गोळ्या सोडू नकोस. शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी दहा वाजता मी धुळ्याच्या स्टँडवर असेन. घरी काहीही सांग, पण ये. रक्त तपासायचंय. आली नाहीस तर मी चांदखेड्याला येऊन बैठकीत सगळ्यांसमोर बोलेन, तू मला ओळखतेस.

अक्का


चांदखेडे
३ मार्च २०२५

अक्का,

धुळ्याला सासूबाई सोबत होत्या, म्हणून तोंड उघडता आलं नाही. तू दवाखान्यात सुई निघेपर्यंत माझा हात धरून ठेवलास. रक्तातलं लोह बघायचंय असं आपण त्यांना सांगितलं ते त्यांना खरं वाटलं. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि पूर्ण वाटेत पाठीवर हात ठेवला. त्यामुळे तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता खरं लिहिते. मी दोन्ही खेपांना माती खाल्ली. लाज वाटते म्हणून लपवलं. तुला वाटेल मी चोरून खात होते. तसं नाही. पहिल्या खेपेला दिवस गेले हे कळलं त्याच दिवशी सासूबाईंनीच झाकणाचा डबा दिला, भाजलेल्या पांढरीनं भरलेला. इथे ती रीत आहे. सुनेला पहिला डबा सासूनं भरून द्यायचा. त्यांना त्यांच्या सासूनं दिला होता. आधी मला किळस आली, मग सवय लागली, मग ती नसली की जीव कासावीस व्हायचा. रोज दोन तुकडे, कधी तीन. अंगणवाडीच्या बाई शिशाचं बोलल्या तेव्हा मी भाजीचं नाव पुढे केलं. वाटलं, भाजी सुरक्षित म्हणजे माती सुरक्षित. तुझं पत्र आल्यावर तर मी निर्धास्त झाले. त्या पंधरा दिवसांत रोजचे चार तुकडे झाले, अक्का.

काल सगळं सासूबाईंना सांगितलं. आधी त्या हसल्या. मी खाल्ली, माझ्या सासूनं खाल्ली, आम्ही मेलो का, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंच्या वेळी शेड नव्हतं. शेड कधी सुरू झालं ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. जितेंद्रांच्या वेळी तिथे नुसतं बाभळीचं रान होतं. गेंदाच्या वेळी शेड होतं.

गेंदा ओट्यावर शेंगा फोडत होती. अठरा वर्षांची आहे, अजून दहाच्या पुढे मोजता येत नाही, वाक्य बोलता बोलता मध्येच हरवतं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुनी अक्काले इचार. गेंदानं हाई मीच करं का?" आणि उठून शेळीला चारा टाकायला गेल्या. गेंदा अशी आहे ती त्यांच्या माती खाण्यामुळे का, एवढंच त्यांना तुझ्याकडून हवंय.

अजून एक आहे, ते लिहायलाही भीती वाटते. सोनगीरच्या बाजारात सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी भाजलेल्या मातीचे वाटे मांडते. माती ती आमच्याच खाणीतली नेते. पंचायतीच्या भिंतीवरचा कागद कोणीतरी तिला वाचून दाखवला. आता ती तुझ्या जळगावच्या नावानं ओरडून विकते, "जयगावले तपासेल माती". पूर्वी चार-दोन बाया घ्यायच्या. आता लेकीसुनांसाठी पदर भरभरून नेतात.

माझा रिपोर्ट आला का? काही असलं तरी लपवू नकोस.

रोहिणी


जळगाव
११ मार्च २०२५

रोहिणी,

आला. शिसं एक्केचाळीस. पाचाच्या वर गेलं तरी गरोदर बाईची काळजी करतात, तेव्हा मी आकड्याला गोड लावत नाही. पण डॉक्टरांशी मी अर्धा तास बोलले. बाळाचे ठोके नीट आहेत, वाढ नीट आहे. माती बंद, दूध-लोह चालू, चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. सध्या औषधापेक्षा हेच खरं औषध, असं ते म्हणाले. तुला सहावा लागतोय, मला माहीत आहे. मीही इथे दिवस मोजते.

नवा अहवाल सोबत आहे. त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय की ही माती खाऊ नये, आणि आधीची तपासणी फक्त पिकांसाठी होती. साहेब म्हणाले, एकाच मातीचे दोन अहवाल दिले तर आपली अब्रू जाते. मी म्हटलं, जाऊ दे. भिंतीवरचा पहिला कागद आजच्या आज फाड.

आता तुझ्या सासूबाईंचा प्रश्न. त्यांना खोटं सांगू नकोस आणि माझ्या नावावरही खोटं नको. सांगता येणार नाही. तेव्हा कोणी रक्त पाहिलं नाही, आता पाहून अठरा वर्षांपूर्वीचं कळत नाही. गेंदाला शिशानं झालं असेल, दुसऱ्या कशानंही झालं असेल. शक्य आहे, एवढंच मी म्हणू शकते. मोजल्याशिवाय बोलू नये हे मी या वेळी फार महागात शिकले.

अक्का


चांदखेडे
१२ एप्रिल २०२५

अक्का,

आज सातवा लागला. हे वाक्य लिहिण्यासाठी महिनाभर वाट पाहिली. परवाच्या रक्तात एकोणतीस आलं, तुला कळलंच असेल. रात्रंदिवस लाथा मारतं आहे. थोडा वेळ हललं नाही की मी श्वास रोखून बसते.

तुझा नवा कागद मी त्याच दिवशी लावला. काही उपयोग झाला नाही. बाया म्हणाल्या, दोन्ही कागदांवर सही एकच, आधी जळगाववाल्यांनी आपसात ठरवावं. कोणी म्हणालं, खाण सरकारला पाहिजे म्हणून ही आवई उठवलीय. मी घरोघर गेले. माझ्यासमोर सगळ्या मान हलवायच्या. मला नऊ जणी माहीत आहेत, अक्का, दिवस असलेल्या. त्यातली एक सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली पोर आहे, तिचा डबा तिच्या सासूनं मी उठल्याबरोबर पुन्हा फळीवर ठेवला.

गेंदाबद्दलचं तुझं उत्तर मी सासूबाईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग महिनाभर माझ्या दुधाचा पेला त्या स्वतःच्या हातानं भरून द्यायच्या आणि मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

काल सकाळी त्यांनी गेंदाला न्हाऊ घातलं, वेणी घातली, नवा ड्रेस दिला आणि म्हणाल्या, बाजारात जाऊ. मी चकित झाले. त्या गेंदाला कधी बाजारात नेत नाहीत. पाहुणे आले तरी तिला मागच्या खोलीत बसवतात, लोक विचारतात म्हणून. मीही सोबत गेले.

त्या थेट सुगंधाबाईच्या पाटीजवळ गेल्या. तिथे पाच-सहा बाया माती निवडत होत्या, ती सोळा वर्षांची पोरही सासूबरोबर होती. सासूबाईंनी गेंदाला हात धरून पुढे केलं.

"हाई माती मी खाधी, गेंदा पोटमा व्हती तवय," त्या म्हणाल्या. "देखा मनी पोरले. इले इचारा, पंधरा आनि पाच किती व्हतस."

कोणी विचारलं नाही. गेंदानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच विसरली. तिला काय चाललंय ते पुरतं कळलं नसेल, पण सगळे आपल्याकडे बघतायत हे कळलं. तिनं ओढणी तोंडावर घेतली. मला तिथून तिला उचलून पळवून न्यावंसं वाटलं. सासूबाईंनी तिचा हात सोडला नाही. बाया एकेक करून पाटीतले तुकडे खाली ठेवू लागल्या. त्या पोरीच्या सासूनं पदरात घेतलेली माती पाटीत ओतली आणि पदर झटकला. सुगंधाबाई आधी भांडायला उठली, मग तीही खाली बसली.

घरी येताना मी न राहवून म्हटलं, सासूबाई, अक्कानं तर लिहिलंय की नक्की सांगता येत नाही. दोष तुमचाच आहे असं कुठे सिद्ध झालंय? तुम्ही सगळ्या बाजारासमोर तो का घेतलात?

त्या चालता चालता थांबल्या. "माले माहीत शे," म्हणाल्या. "पन बायास्ले काय सांगू, नक्की नही म्हनीसन? मंग त्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या, खातीन."

गेंदा पुढे चालत होती. सासूबाईंनी तिला हाक मारून थांबवलं, तिची विस्कटलेली वेणी रस्त्यावरच पुन्हा घातली आणि तिची माफी मागितली. गेंदानं विचारलं, कसाले. त्यांनी तिचा हात धरला आणि घराकडे चालू लागल्या.

मी तेव्हापासून पोटावर हात ठेवून बसले आहे. हलतं आहे. तरी भीती जात नाही, अक्का. बाळ झालं, रडलं, दूध प्यायलं, तरी मी ते बोलायला लागेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. मग मोजायला लागेपर्यंत. सासूबाई गेंदाकडे अठरा वर्षं कशा बघत असतील, ते मला आता कळतं.

तुझी रोहिणी